जुनी रेंजफाइंडर लेन्स, नवा कॅमेरा आणि कोकणची हवा

माझे वडील व्यापारी जहाजावर नोकरीला होते. १९७१ साली ओडेसा बंदरातून त्यांनी झोर्की-४ हा सोव्हिएत रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापकाने फोकस करायचा, कॅमेरा आणला आणि पुढची पंधरा वर्षे आमच्या घरातील सगळी लग्ने, मुंजी आणि शिमग्याच्या पालख्या त्याच्याच डोळ्यातून पाहिल्या गेल्या. त्या कॅमेऱ्याचा शटरचा रबरी कापडी पडदा आता कडक होऊन जागोजागी छिद्रे पडली आहेत आणि त्यात फिल्म घालण्यात अर्थ उरलेला नाही. परंतु त्यावरची ज्युपिटर-८ ही ५० मि.मी. एफ/२ लेन्स आजही उत्तम स्थितीत असून गेली सहा वर्षे ती माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर आहे. अशी लेन्स ज्यांच्या फडताळात, माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या स्टुडिओच्या कपाटात पडून आहे, त्यांनी ती कशी ओळखावी, कशी जोडावी, तिने छायाचित्रे कशी काढावीत आणि आपल्या किनारपट्टीच्या हवेत ती कशी जपावी, हे मी अनुभवाने शिकलो ते येथे सविस्तर मांडतो. माझे ठाम मत असे आहे की लेन्सवर कोणत्या कारखान्याचे नाव कोरलेले आहे याला दुय्यम महत्त्व आहे. काचेची अवस्था, अडॅप्टरची (लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या कड्याची) अचूकता आणि अंतराचा अंदाज या तीन गोष्टींवरच चित्र ठरते.

ही लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावरच का बसते

लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यामधील अंतर प्रत्येक कॅमेरापद्धतीत ठरलेले असते. लायका या जर्मन कंपनीच्या आणि झोर्कीनेही वापरलेल्या ३९ मि.मी. व्यासाच्या आट्यांच्या पद्धतीत हे अंतर २८.८ मि.मी. आहे, तर १९५४ साली एम-३ या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एम बायोनेट (फिरवून अडकवायच्या बैठकीच्या) पद्धतीत ते २७.८ मि.मी. आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांत मधल्या जागेत आरसा हलावा लागत असल्यामुळे हे अंतर मोठे ठेवावे लागते. निकॉनच्या एफ पद्धतीत ते ४६.५ मि.मी. आहे, आणि म्हणून रेंजफाइंडरची लेन्स अशा डीएसएलआरवर (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर) कितीही चांगला अडॅप्टर लावला तरी दूरच्या वस्तूवर फोकस होऊ शकत नाही. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनीच्या ई पद्धतीत हे अंतर १८ मि.मी., निकॉन झेडमध्ये १६ मि.मी., कॅननच्या आरएफमध्ये २० मि.मी. आणि फुजीच्या एक्स पद्धतीत १७.७ मि.मी. आहे, त्यामुळे मधली उरलेली जागा एका पोकळ धातूच्या कड्याने भरली की काम होते. त्या कड्यात कोणतेही भिंग नसते. एम लेन्स सोनीवर लावायची तर कड्याची जाडी ९.८ मि.मी. हवी आणि निकॉन झेडवर लावायची तर ११.८ मि.मी. हवी, हे साध्या वजाबाकीने कळते.

सोव्हिएत लेन्स वापरणाऱ्यांना या व्यवस्थेचा एक वेगळा लाभ होतो. ज्युपिटर आणि इंडस्टार या लेन्सचे अंतर दाखवणारे यांत्रिक गणित लायकाच्या मापाशी किंचित जुळत नसल्यामुळे लायकाच्या कॅमेऱ्यावर त्या जवळच्या अंतरात चुकीचा फोकस देतात. मिररलेस कॅमेऱ्यात आपण थेट सेन्सरवरची प्रतिमाच पाहून फोकस करतो, म्हणून ही जुनी अडचण येथे उद्भवतच नाही.

लेन्स ओळखताना होणाऱ्या चुका

आपल्याकडील जुन्या घरांतून सर्वाधिक सापडणाऱ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत याशिका इलेक्ट्रो ३५ आहे, आणि त्याची ४५ मि.मी. एफ/१.७ लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली असते. ती कापून काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. कॅमेरा चालू असेल तर त्यात फिल्म घालणे हाच त्याचा योग्य उपयोग आहे. सुट्या लेन्स प्रामुख्याने लायका, कॅनन, निकॉन, काँटॅक्स आणि सोव्हिएत फेड, झोर्की व कीव या कॅमेऱ्यांवर येतात. यांपैकी काँटॅक्स आणि कीव यांची बैठक वेगळी असते आणि त्या लेन्समध्ये अनेकदा फोकस फिरवण्याचे कडेच नसते, कारण ते काम कॅमेऱ्याच्या अंगातील यंत्रणा करते. त्यांना लागणारे अडॅप्टर गुंतागुंतीचे आणि महाग असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आट्यांची लेन्सच घ्यावी.

मात्र ३९ मि.मी.चे आटे दिसले म्हणजे लेन्स रेंजफाइंडरचीच आहे असे समजू नये. जुन्या झेनिट या आरशाच्या कॅमेऱ्याच्या लेन्सनाही ३९ मि.मी.चे आटे असत, पण त्यांचे बैठकीचे अंतर ४५.२ मि.मी. आहे. डार्करूममधील एन्लार्जरच्या लेन्सही याच व्यासाच्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: रेंजफाइंडर लेन्सच्या मागच्या बाजूला आट्यांच्या आत एक पितळी किंवा ॲल्युमिनियमची नळी दिसते आणि फोकसचे कडे फिरवले की ती मागेपुढे सरकते. कॅमेऱ्यातील अंतरमापकाचा दांडा याच नळीवर टेकत असे. ही सरकती नळी नसेल तर विकत घेण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. सोव्हिएत लेन्सवरील क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा उत्पादनाचे साल सांगतात. आमच्या ज्युपिटरचा क्रमांक ७० ने सुरू होतो, आणि वडिलांनी ती १९७१ मध्ये घेतली या आठवणीशी ते जुळते.

काच तपासण्यासाठी लेन्सचे छिद्र (प्रकाश आत सोडणारे ॲपर्चर; एफ/२, एफ/८ हे त्याचेच माप, आकडा लहान तितके छिद्र मोठे) पूर्ण उघडावे, मागच्या बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश तिरका सोडावा आणि पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा बारीक मुळांसारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी होय. सगळीकडे सारखे धुरकट दिसत असेल तर आतील वंगणाचा पातळ थर काचेवर बसलेला असतो; तो बहुतेक वेळा स्वच्छ होतो, परंतु १९५० च्या दशकातील काही कॅनन लेन्समध्ये, विशेषतः ५० मि.मी. एफ/१.८ मध्ये, छिद्राजवळच्या काचेवर हा थर इतका खोल गेलेला असतो की काच कायमची खराब होते. लायका बनवणाऱ्या लाइट्स कंपनीच्या समारसारख्या जुन्या लेन्सची पुढची काच मऊ असल्यामुळे तिच्यावर पुसण्याचे असंख्य बारीक ओरखडे आढळतात. एकदोन ठळक ओरखड्यांनी चित्र बिघडत नाही. अशा शेकडो बारीक रेषांनी मात्र उजेडाकडे तोंड करून काढलेले चित्र पांढुरके होते. टॉर्चच्या झोतात प्रत्येक जुन्या लेन्समध्ये थोडी धूळ दिसतेच, तिची चिंता करू नये.

अडॅप्टर आणि त्याची परीक्षा

आट्यांच्या लेन्ससाठी थेट एकच अडॅप्टर मिळतो, पण मी दोन तुकड्यांची जोडणी सुचवीन. आधी आट्यांवरून एम बायोनेटवर नेणारे १ मि.मी. जाडीचे कडे लेन्सवर घट्ट बसवावे आणि मग एम पद्धतीवरून आपल्या कॅमेऱ्यावर नेणारा अडॅप्टर लावावा. पुढे कधी एम लेन्स हाती आली तर तोच अडॅप्टर उपयोगी पडतो. ही पातळ कडी विकताना त्यांवर ३५, ५०, ९० असे आकडे सांगितले जातात. ते आकडे लायकाच्या दर्शकातील (डोळा लावून पाहायच्या खिडकीतील) चौकटीसाठी असतात आणि मिररलेस कॅमेऱ्यावर त्यांचा काहीही संबंध येत नाही, म्हणून मिळेल ते कडे घ्यावे, मात्र त्याची जाडी सर्वत्र सारखी असावी.

स्वस्त अडॅप्टर बनवणारे कारखाने मुद्दाम त्याची जाडी किंचित कमी ठेवतात, कारण जाडी जास्त झाली तर लेन्स अनंतावर, म्हणजे अतिदूरच्या वस्तूवर, कधीच फोकस होणार नाही आणि ग्राहक तक्रार करील. या किंचितचा परिणाम किती होतो, हे हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. अडॅप्टर ०.१ मि.मी.ने पातळ असेल तर ५० मि.मी. लेन्सचे कडे २५ मीटरच्या खुणेवर असतानाच क्षितिज स्पष्ट दिसते, ३५ मि.मी. लेन्सवर तीच खूण १२ मीटरच्या आसपास येते आणि २१ मि.मी.वर साडेचार मीटरच्याही आत येते. केवळ पडद्यावर पाहून फोकस करणाऱ्याला याने फारसा त्रास होणार नाही. परंतु रेंजफाइंडर लेन्सचे खरे सामर्थ्य तिच्यावर कोरलेल्या अंतराच्या आकड्यांत आहे, आणि ते आकडेच खोटे झाले तर अर्धी लेन्स गेली असे मी मानतो.

परीक्षा अशी करावी. निरभ्र रात्री कॅमेरा तिवईवर ठेवावा, छिद्र पूर्ण उघडावे, चंद्र चौकटीच्या मध्यभागी आणावा आणि पडद्यावरील प्रतिमा सर्वाधिक मोठी करून कडे हळूहळू फिरवावे. चंद्राची कड जेथे सर्वांत रेखीव होते तेथे कडे अनंताच्या खुणेवर किंवा तिच्या अगदी अलीकडे असले पाहिजे. दिवसा क्षितिजावर ही परीक्षा घेऊ नये, कारण समुद्रावरील दमट हवेत क्षितिज कधी धड रेखीव नसते. दीपगृहही जवळ असेल तर कामाचे नाही. अडॅप्टर पातळ निघाला तर त्याच्या दोन भागांमध्ये स्क्रूखाली पातळ पितळी पत्र्याच्या चकत्या घालून जाडी वाढवता येते. माझ्या अडॅप्टरमध्ये अशा दोन चकत्या आहेत आणि चांदीच्या दागिन्यांचे काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी त्या कापून दिल्या. अडॅप्टर जाड निघाला तर तो परत करावा.

दोन सावधगिरीच्या सूचना येथेच सांगतो. एल्मार, समिटार, इंडस्टार-२२ यांसारख्या लेन्सची नळी आत ढकलून लेन्स आखूड करता येते. डिजिटल कॅमेऱ्यावर असताना ती कधीही आत ढकलू नये, कारण नळीचे टोक शटरवर किंवा सेन्सरवर आदळू शकते. तसेच ज्युपिटर-१२ या ३५ मि.मी. लेन्सचे मागचे भिंग खूप खोलवर आत जाते आणि काही अडॅप्टरांच्या आतील कडेला घासते. ती बसवताना जोर लावू नये आणि कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना कुठे अडकते का, हे बोटांनी जाणून घ्यावे.

कॅमेऱ्यातील मांडणी

कॅमेऱ्याला ही लेन्स लेन्स म्हणून ओळखता येत नाही, म्हणून मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालवण्याची परवानगी द्यावी लागते. शरीरातच स्थिरीकरण असलेल्या कॅमेऱ्यात लेन्सची फोकल लांबी हाताने भरावी. ५० च्या जागी २४ राहिले तर हाताची थरथर पुरती थोपवली जात नाही. मोड अॅपर्चर प्रायॉरिटी ठेवावा, म्हणजे छिद्र आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने. छिद्राचे माप चित्राबरोबर नोंदले जात नाही, त्यामुळे महत्त्वाच्या चित्रांसाठी खिशात छोटी वही ठेवणे हाच उपाय आहे. युद्धापूर्वीच्या एल्मारवर छिद्राचे आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे जुन्या क्रमाने असतात. त्याने गोंधळून जाऊ नये, कॅमेरा येणारा प्रकाश मोजूनच वेग ठरवतो.

दशावतारासारख्या रात्रीच्या प्रयोगाला एफ/२ वर काम करताना इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवून यांत्रिक शटर वापरावे आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि वेग याहून वाढवला की चित्रावर काळे पट्टे पडतात.

फोकस: हर्णैच्या पुळणीवर

फोकस करण्याचे दोन मार्ग आहेत. स्थिर विषयासाठी प्रतिमा मोठी करून पाहावी, त्याहून अचूक काही नाही. हलत्या विषयासाठी बहुतेक जण पीकिंग वापरतात, म्हणजे स्पष्ट झालेल्या कडांवर कॅमेरा रंग चढवतो. त्याची तीव्रता नेहमी सर्वांत कमी ठेवावी. समुद्राच्या पार्श्वभूमीवर लाल रंग निवडावा. जांभ्याच्या भिंती आणि तांबड्या मातीच्या रस्त्यांवर मात्र लाल दिसत नाही, तेथे पिवळा किंवा पांढरा ठेवावा. जुन्या लेन्स छिद्र पूर्ण उघडे असताना सौम्य प्रतिमा देतात, त्यामुळे पीकिंगचा रंग उशिरा उमटतो किंवा चुकीच्या जागी उमटतो.

ज्युपिटर-८ ही झाइस या जर्मन कंपनीच्या लुडविग बेर्टेले यांनी रचलेल्या झोनार या लेन्सची सोव्हिएत आवृत्ती आहे, आणि झोनार कुळातील लेन्सचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. छिद्र उघडे ठेवून फोकस केला आणि मग ते एफ/४ पर्यंत लहान केले तर फोकसची जागा थोडी मागे सरकते. अंतरमापकाच्या काळात यावर उपाय नव्हता. आता ज्या छिद्रावर चित्र काढायचे त्याच छिद्रावर फोकस करावा. दर्शक आपोआप उजळतो, त्यामुळे अंधाराचा प्रश्न येत नाही.

संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव सुरू होतो तेव्हा मात्र यातील एकही मार्ग चालत नाही, हे मी तेथे अनेक संध्याकाळी उभा राहून पाहिले आहे. होड्यांतून उतरवलेली मासळी बैलगाड्यांतून पाण्यातून वर येते, वाळूवर ढीग लागतात, त्यांच्याभोवती माणसांचे कडे पडते आणि बोली संपते न संपते तोच कडे मोडून पुढच्या ढिगाकडे सरकते. प्रतिमा मोठी करून पाहायला वेळ नसतो. पीकिंग चालू ठेवले तर बांगड्याच्या ओल्या खवल्यांवर आणि मागच्या चमचमत्या पाण्यावर इतका रंग उमटतो की माणसाचा चेहरा स्पष्ट आहे की नाही, हे कळतच नाही. येथे लेन्सवरचे आकडे कामाला येतात, आणि ही पद्धत प्रत्येकाने शिकावी असे मला मनापासून वाटते.

छिद्र एफ/८ वर आणि फोकसचे कडे ३ मीटरवर ठेवावे. लेन्सवरील स्पष्टतेच्या खोलीच्या (डेप्थ ऑफ फील्डच्या) खुणा पाहिल्या तर सुमारे २.३ ते ४.२ मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येईल असे त्या सांगतात. या खुणा फिल्मच्या काळातील छोट्या छपाईच्या हिशेबाने कोरलेल्या आहेत. आजच्या सेन्सरवरचे चित्र पडद्यावर मोठे करून पाहिले तर त्या उदार वाटतात. म्हणून छिद्र एफ/८ असताना एफ/४ च्या खुणा वाचाव्यात. तसे केल्यास खरी स्पष्टता २.६ ते ३.५ मीटरच्या दरम्यान असते, म्हणजे जवळपास एक मीटरचा पट्टा मिळतो, आणि लिलावाच्या कड्यातील एका माणसासाठी तो पुरेसा असतो. आता आपण कडे फिरवायचे नाही. आपले पाय हलवायचे आणि विषयापासून ३ मीटरवर राहायचे. शटरचा वेग निदान १/५०० ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवावा.

हे ३ मीटर डोळ्यांना कळले पाहिजेत. मी ते घरच्या अंगणात शिकलो. तुळशीवृंदावनापासून पडवीच्या पायरीपर्यंतचे अंतर टेपने मोजले तर ते ३ मीटर १० सेंटिमीटर भरले, आणि तेव्हापासून समोरच्या माणसात आणि माझ्यात आमचे अंगण मावते का, असे मी मनात पाहतो. दर महिन्यातून एकदा अंदाज बांधून नंतर टेप लावून पाहतो. अंदाजात वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक होत नसेल तर एफ/८ वर चित्र चुकत नाही. त्याउलट एफ/२ वर २ मीटर अंतरावर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा असतो. तेथे अंदाज चालत नाही, तेथे प्रतिमा मोठी करूनच पाहावी.

लेन्सकडे न पाहता कडे कुठे आहे हे कळावे म्हणून मी फोकसच्या कड्याभोवती एक बारीक प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधला आहे आणि त्याची गाठ अशी ठेवली आहे की ३ मीटरवर ती लेन्सच्या बरोबर खाली येते. अनेक लायका लेन्सना बोट टेकवण्यासाठी अशी खाच मुळातच असते. अंगठ्याने गाठ चाचपली की अंतर कळते. भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभे असताना याची किंमत समजते.

जवळची छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. बहुतेक जुन्या रेंजफाइंडर लेन्स १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. अंगातच सरकणारी नळी असलेला अडॅप्टर मिळतो. तो ४ मि.मी. पुढे आला की ५० मि.मी. लेन्स अर्ध्या मीटरपेक्षाही थोडी जवळ येते. काजूचे बोंड किंवा सुरंगीचा वळेसर टिपायला एवढे पुरते.

समोरून येणारा प्रकाश आणि रंगाच्या कडा

आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि आपल्या चांगल्या प्रकाशाच्या वेळी सूर्य समोर असतो. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परतवतो, आणि हा परतलेला प्रकाश आत फिरून चित्र धुरकट करतो. झाइसने लेप देण्याची पद्धत १९३५ मध्ये विकसित केली, परंतु सर्वसाधारण लेन्सवर ती महायुद्धानंतरच आली. झोनारमध्ये भिंगे एकमेकांना चिकटवलेली असल्यामुळे हवेला लागणारे पृष्ठभाग केवळ सहा असतात, म्हणून साध्या लेपाची ज्युपिटर-८ मावळतीकडे तोंड करूनही बऱ्यापैकी काळा रंग राखते. तरीही हूड, म्हणजे लेन्सपुढे लावायचे सावलीचे कडे, हवाच. ज्युपिटर-८ आणि इंडस्टार-६१ यांना ४०.५ मि.मी.चा हूड लागतो. सूर्य चौकटीच्या अगदी कडेबाहेर असेल तर डाव्या हाताच्या पंज्याने लेन्सवर सावली धरावी. चित्राच्या कोपऱ्यात बोट येत नाही एवढे पाहावे. भर दुपारी कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. जुन्या कापडी पडद्यांना याच चुकीने छिद्रे पडत, आणि मिररलेसमध्ये तर सेन्सर थेट उघडा असतो.

रुंद कोनाच्या लेन्सची अडचण निराळी आहे. त्यांचे मागचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ असल्यामुळे कडांवर प्रकाश फार तिरका पडतो, आणि सेन्सरपुढील काचेचा थर तो आणखी वाकवतो. सोनीच्या कॅमेऱ्यांत हा थर सुमारे २ मि.मी. जाडीचा आहे, लायकाच्या डिजिटल एममध्ये तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. परिणामी कोपरे पुसट होतात आणि कडांवर जांभळट छटा चढते. ५० मि.मी. आणि त्याहून लांब लेन्सना हा त्रास जवळपास होत नाही, ३५ मि.मी. लेन्स सीमेवर असतात, आणि त्याखाली बऱ्याच जुन्या लेन्स निराशा करतात. १९९९ साली आलेल्या फोइग्टलेंडरच्या पहिल्या १५ मि.मी. हेलियारने पूर्ण आकाराच्या सेन्सरवर समुद्राचे चित्र काढले तर दोन्ही बाजूंचे पाणी जांभळे दिसते. २०१५ ची तिसरी आवृत्ती डिजिटलचा विचार करून रचली गेली आणि तिच्यात हा दोष राहिला नाही. छटा घालवण्यासाठी त्याच छिद्रावर लेन्ससमोर दुधी प्लास्टिकचा तुकडा धरून एक कोरे चित्र काढून ठेवावे आणि लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील फ्लॅट-फील्ड सुधारणेत ते वापरावे. छटा जाते, पुसट झालेले कोपरे मात्र परत येत नाहीत. फुजीसारखा लहान सेन्सर कडा कापून टाकतो, म्हणून रुंद लेन्स तेथे अधिक सुखाने वागतात, पण ३५ मि.मी.चा कोन तेथे ५० सारखा अरुंद होतो.

पावसाळा

या विषयावर मी सर्वाधिक आग्रही आहे, कारण येथे झालेले नुकसान भरून निघत नाही. वडिलांकडे ज्युपिटरबरोबर एक इंडस्टार-५०ही होती. तिला शिवून घेतलेल्या चामड्याच्या पेटीत घालून त्यांनी माजघरातल्या फडताळात ठेवले आणि दोन पावसाळे कोणी ती उघडली नाही. चामडे दमटपणा धरून ठेवते आणि बुरशीला खाद्य पुरवते. तिसऱ्या वर्षी पेटी उघडली तेव्हा आतल्या भिंगावर नाण्याएवढे पांढरे जाळे होते. मुंबईतील एका दुरुस्तीदाराने ते पुसून दिले, परंतु बुरशीने सोडलेल्या आम्लाने लेप खाल्ला होता आणि जाळ्याची आकृती काचेवर कोरल्यासारखी राहिली. शिवाय परत जोडताना एक भिंग उलटे बसवले गेले, आणि ते आमच्या लक्षात येईपर्यंत एक वर्ष गेले. दुरुस्तीहून आलेल्या लेन्सचे चारही कोपरे त्याच दिवशी तपासावेत, हे मी तेव्हा शिकलो.

आगोटीच्या बेगमीत जसे आपण मीठ-मिरची भरतो तसा मे अखेरीस लेन्सचा डबा तयार करावा. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे काट्याचे किंवा डिजिटल यंत्र एवढे पुरते. वीज टिकणाऱ्या गावात ड्राय कॅबिनेट घेता आले तर उत्तमच. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ६० च्या वर गेली की बुरशीला वाट मिळते आणि ३० च्या खाली गेली की फोकसच्या आट्यांतील वंगण सुकते. निळे जेल गुलाबी झाले किंवा केशरी जेल हिरवे झाले की ते कढईत मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, मूळ रंग येईपर्यंत तापवावे आणि थंड झाल्यावर परत ठेवावे. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. तांदळाचे पीठ काचेवर आणि आट्यांत जाते. लेन्स चामड्याच्या पेटीत कधीच ठेवू नये, पेटी वेगळी ठेवावी.

पुळणीवरून घरी आल्यावर लगेच काच पुसायला घेऊ नये. आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि त्यानंतरही डाग असेल तरच लेन्सच्या कागदावर द्रावणाचा एक थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे पुसावे. खाऱ्या वाऱ्याने धातूच्या भागांवर बसलेले मीठ स्वच्छ पाण्याने किंचित ओल्या केलेल्या कापडाने पुसून कोरडे करावे. पितळावरचे मीठ दोन दिवस राहिले तर हिरवे डाग येतात. या लेन्सना पाणी रोखणारे रबर नसते, अडॅप्टरलाही नसते, म्हणून पावसात चित्रे काढायची असल्यास पडवीत उभे राहून पागोळ्यांमधूनच काढावीत. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आल्यावर लेन्सवर धुके चढते. पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबावे, पुसत बसू नये.

१ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्या समुद्रात जात नाहीत आणि बंदर शांत असते, पण लेन्सला दोन महिने डब्यात विसरू नये. मी दर रविवारी ज्युपिटर बाहेर काढतो, फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि छिद्राचे कडे उघडमिट करत दहादहा वेळा फिरवतो, टॉर्च लावून काच पाहतो आणि ऊन असेल तर मागचे झाकण न काढता पुढच्या काचेला खिडकीतला उजेड पंधरा मिनिटे दाखवतो. नारळी पौर्णिमेला आकाश उघडले तर त्याच रात्री तिवई अंगणात मांडून चंद्रावर अडॅप्टर पुन्हा तपासतो, कारण पावसाळ्यात त्याचे चार बारीक स्क्रू सैल होतात; गेल्या वर्षी त्यांपैकी दोन पाव फेरा आवळावे लागले, आणि मगच चंद्राची कड पुन्हा अनंताच्या खुणेवर आली.